एका कागदावरून दीड मिनिटाची फिल्म: फ्राक्टुर अक्षरं, नाझी प्रचार आणि ॲनिमेशनचं प्लॅनिंग

टाइपफेस आणि युद्धातला प्रचार या विषयावर छोटं ॲनिमेशन करायचं म्हटलं की बहुतेक जण गुटेनबर्गपासून सुरू करतात, मग पहिल्या महायुद्धातल्या पोस्टरवरून बोट रोखलेला ब्रिटिश युद्धमंत्री किचनर येतो, मग नाझी, मग ब्रिटिशांचं 'कीप काम अँड कॅरी ऑन', मग दंड दाखवणारी अमेरिकन कामगार बाई, आणि हे सगळं दीड मिनिटात कोंबायचं. माझा पहिला आराखडा अगदी असाच होता आणि तो मी टाकून दिला, कारण अशाने पोस्टरांचा स्लाइडशो होतो, गोष्ट होत नाही. बघणाऱ्याला एवढंच कळतं की युद्धात पोस्टरं छापतात, आणि ते त्याला आधीच माहीत असतं.

त्यापेक्षा एक कागद धरा. खरा, तारीख असलेला, सही असलेला.

मी धरला तो कागद म्हणजे ३ जानेवारी १९४१ चं नाझी पक्षाचं एक परिपत्रक. सही पक्षाच्या बड्या नेत्याची, मार्टिन बोरमानची. वर 'प्रसिद्धीसाठी नाही' अशी सूचना. मजकूर टाइपरायटरवर साध्या रोमन अक्षरांत टाइप केलेला, आणि त्यात म्हटलंय की तथाकथित गॉथिक, म्हणजे जुन्या टोकदार वळणाच्या, लिपीला जर्मन लिपी समजणं चूक आहे, ती खरं तर 'श्वाबाखर ज्यू अक्षरं' आहेत, आणि हिटलरने प्रकाशन खात्याचा माक्स आमान आणि छापखानावाला आडोल्फ म्युलर यांच्याशी बोलून ठरवलंय की यापुढे अँटिक्वा, म्हणजे आपण रोज बघतो ती गोलसर रोमन अक्षरं, हीच नॉर्मल लिपी. आता नजर वर न्या. लेटरहेडवर पक्षाचं नाव छापलंय ते फ्राक्टुरमध्ये, त्याच मोडलेल्या कोनांच्या घराण्यातल्या अक्षरांत, ज्यांना खालचा मजकूर हद्दपार करतोय. ज्या कागदावर हुकूम निघाला त्याच कागदावर जुनी अक्षरं अजून बसलेली आहेत. माझी अख्खी फिल्म या दोन इंचांच्या अंतरात आहे, आणि तुमच्याही विषयात असं एक अंतर सापडेपर्यंत सॉफ्टवेअर उघडूच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

कागद मिळाला की एक वाक्य लिहा. एकच. माझं होतं: "आठ वर्षं ज्या अक्षरांना अस्सल जर्मन म्हणून मिरवलं त्यांनाच एका पत्राने ज्यू ठरवलं, आणि अक्षराची एक रेघही बदलली नव्हती." हे वाक्य टेबलासमोर चिकटवून ठेवा, कारण पुढचे दोन महिने प्रत्येक शॉटला तुम्ही हेच विचारणार आहात, याचा त्या वाक्याशी काय संबंध, आणि संबंध नसेल तर शॉट कितीही देखणा असू दे, काढायचा. मला पॉल रेनर काढावा लागला. फ्युचुरा हा टाइपफेस करणारा माणूस, १९३३ मध्ये त्याला अटक झाली, म्युनिकमधली नोकरी गेली. त्याच वर्षी यान चिखोल्ट या टायपोग्राफरलाही पकडलं होतं, तो नंतर स्वित्झर्लंडला गेला. दोघांच्याही गोष्टी इतक्या मोठ्या आहेत की दहा सेकंदात उरकल्या तर त्यांच्यावर अन्याय होतो. त्यांची वेगळी फिल्म करा.

आता रिसर्च. इथे घाई करू नका, कारण या विषयात एक गैरसमज फार घट्ट बसलाय: फ्राक्टुर म्हणजे नाझी. सिनेमावाले दुकानाची पाटी काळ्या टोकदार अक्षरांत लिहितात आणि आपल्याला लगेच कळतं की आता गणवेशवाले येणार. पण फ्राक्टुर सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची, सम्राट माक्सिमिलियनच्या काळातली. श्वाबाखर तिच्याही आधीची, पंधराव्या शतकाच्या शेवटाची, न्यूरेंबर्गजवळच्या श्वाबाख गावाचं नाव लागलेली, आणि धर्मसुधारक ल्यूथरने जर्मनमध्ये आणलेला १५२२ चा बायबलचा नवा करार छापला गेला तो श्वाबाखरमध्येच. जर्मन लोकांनी चारशे वर्षं याच अक्षरांत धर्मग्रंथ, पाककृती, कविता, वर्तमानपत्रं सगळं वाचलं. जर्मन अक्षरं ठेवायची की रोमन घ्यायची यावर १९११ मध्ये तिथल्या संसदेत वाद झाला आणि रोमनवाल्यांचा प्रस्ताव पडला, म्हणजे हा वाद नाझींच्या आधीपासून धुमसतच होता. १९३३ नंतर नाझींनी तो आयता उचलला. टानेनबर्गसारखे नवे टाइप आले, १९१४ च्या लढाईचं नाव दिलेले, फ्राक्टुरच्या सगळ्या नाजूक वळणांना कापून ताठ उभे केलेले. छापखान्यातल्या लोकांनी या जातीच्या अक्षरांना लष्करी बुटांवरून टोपणनाव ठेवलं होतं, आणि ते बघितलं की पटतंच, प्रत्येक अक्षर टाचा जुळवून उभं आहे. तुमच्या फिल्ममध्ये १९३३ ते ४० चा भाग असेल तर पोस्टरांसाठी ही अक्षरं वापरा, जुनी फ्राक्टुर पुस्तकांसाठी, आणि दोन्ही एकत्र कालवू नका. शिवाय सगळीच नाझी पोस्टरं टोकदार अक्षरांत नव्हती, ब्रशने काढलेली आणि साधी रोमन अक्षरंही भरपूर होती, त्यामुळे "नाझींचा फॉन्ट" असा शब्दप्रयोग स्क्रिप्टमध्ये दिसला की तिथेच खोडा.

मग बदललं का? हे कारण तुमच्या फिल्मचा कणा आहे. १९४० मध्ये नॉर्वे, नेदरलँड्स, बेल्जियम, फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात गेले आणि तिथल्या बहुतेकांना फ्राक्टुर नीट वाचता येत नव्हती. जो प्रचार वाचता येत नाही तो कसला प्रचार. परिपत्रकातच आहे की ज्या वर्तमानपत्रांचा आणि मासिकांचा खप परदेशात आहे किंवा व्हायला हवा, ती आधी बदला. म्हणजे खरी गरज बाजाराची आणि सत्तेची, आणि वर पांघरूण घातलं ज्यूद्वेषाचं. ज्यूंनी छापखाने ताब्यात घेऊन ही अक्षरं आणली हे परिपत्रकातलं म्हणणं धादांत खोटं आहे, त्या काळी जर्मन शहरांत ज्यूंना कारागिरांच्या संघांत शिरकावच नव्हता.

हे खोटं फिल्ममध्ये कसं दाखवायचं यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. माझे नियम सांगते. तो 'ज्यू अक्षरं' शब्द पडद्यावर मोठा करून, थरथरवून, लाल करून दाखवायचा नाही. तो कागदावर जेवढा आहे तेवढाच दाखवायचा, टाइपरायटरच्या आकारात, आणि तो असतानाच, पुढच्या शॉटला नाही, निवेदनाने सांगायचं की हे खोटं आहे आणि का. प्रचाराची टायपोग्राफी दाखवता दाखवता आपणच त्या प्रचाराची नवी देखणी कॉपी बनवून बसतो, हा धोका या विषयात फार खरा आहे, कोणीतरी तेवढाच तुकडा कापून फिरवेल. आणि एक ओळ अशी ठेवा की नोव्हेंबर १९४० मध्ये पोलंडमधल्या वॉर्साचं घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडलेली वस्ती, बंद केलं होतं, हे पत्र त्यानंतर दीडेक महिन्याने निघालं. अक्षरांची गोष्ट सांगताना माणसांचं काय चाललं होतं ते सुटता कामा नये.

स्क्रिप्ट लिहिताना हिशोब असा ठेवा: नव्वद सेकंदांना मराठी निवेदन दीडशे शब्दांच्या वर गेलं की दमछाक होते, मी एकशेवीसवर आणलं आणि तरी दोन ठिकाणी घाई वाटत होती. अक्षरं बघायला लावणारी फिल्म आहे, बघायला शांतता लागते. मोठ्याने वाचा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, घड्याळ लावा. मनात वाचून अंदाज कधीच बरोबर येत नाही.

स्टोरीबोर्डमध्ये माझे तीन शॉट असे आहेत ज्यांच्यावर सगळं उभं आहे.

पहिला, गोल ओ. 'फ्राक्टुर' या शब्दाच्या मुळाशी मोडणं आहे, मोडलेल्या रेघांची लिपी. हे सांगायला शब्द लागत नाहीत. रोमनचा गुळगुळीत गोल ओ पडद्यावर ठेवा, मग तो वळणांवर मोडा, तुकडे जरासे सरकू देत आणि कोनात बसू देत, आणि समोर फ्राक्टुरचा ओ तयार. तीन सेकंद. बघणाऱ्याला आयुष्यभर पुरेल एवढं कळतं. हा शॉट मी हाताने केला, बोरू घेऊन, कागदावर, वर कॅमेरा लावून. एक गोष्ट लक्षात ठेवा, देवनागरीसाठी बोरूचं टोक ज्या बाजूला तिरकं कापतात त्याच्या बरोबर उलट्या बाजूला हे कापावं लागतं. माझ्याकडे सुलेखनाच्या क्लासचे जुने बोरू होते, त्यांनी लिहायला गेले तर जाड रेघ जिथे हवी तिथे बारीक आणि बारीक तिथे जाड, अर्धा दिवस मला वाटत राहिलं की माझा हातच बसत नाहीये. नवा बोरू उलटा कापला, टोक साधारण पंचेचाळीस अंशांत धरलं, आणि पहिल्याच रेघेला ते अक्षर आलं.

दुसरा शॉट लांब एसचा. जुन्या जर्मन छपाईत दोन एस असतात, एक शब्दाच्या किंवा जोडशब्दातल्या भागाच्या शेवटी येणारा आखूड, आणि दुसरा सुरुवातीला, मध्ये येणारा लांब, जो अगदी एफसारखा दिसतो, फक्त मधली आडवी रेघ पलीकडे जात नाही. याने अर्थ बदलतो. एक जर्मन शब्द आहे, लांब एसने लिहिला की वाख-श्टूबं, पहारेकऱ्यांची खोली, आणि आखूड एसने लिहिला की वाक्स-टूबं, मेणाची ट्यूब. बाकी अक्षरं तीच, क्रम तोच. मी हे अगदी साधं ठेवलंय: शब्द स्थिर, वर छोटंसं चित्र, एस बदलतो आणि कंदील घेतलेला शिपाई वितळून ट्यूब होते. यातून कळतं की ही अक्षरं नुसती सजावट नव्हती, त्यांत लिहिण्याचं शहाणपण होतं, आणि हुकूम निघाला तेव्हा तेही गेलं.

तिसरा शॉट तो कागद. सुरुवात खालून, सहीपासून, कॅमेरा हळू वर सरकतो, टाइप केलेल्या ओळींवरून, आणि शेवटी लेटरहेड. निवेदन तिथे थांबतं. चार सेकंद काहीच नाही.

बाकीचे शॉट या तिघांना जोडणारे, त्यांच्यावर फार जीव टाकू नका.

फॉन्टबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण माझ्याकडून इथेच चूक झाली होती. पहिल्या टेस्टमध्ये मी कंप्युटरवर आयता असलेला ओल्ड इंग्लिश फॉन्ट लावला, दिसायला तसाच, टोकदार, काळा. फिल्म चार लोकांना दाखवली, त्यांत जर्मन शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी दहाव्या सेकंदाला थांबवलं आणि म्हणाल्या, हे इंग्लंडमधल्या वर्तमानपत्राच्या नावासारखं दिसतंय, जर्मन माणूस असं छापणार नाही, आणि तुझे सगळे एस चुकलेत. बरोबर होतं त्यांचं. ओल्ड इंग्लिश ही ब्लॅकलेटरची, म्हणजे या काळ्या टोकदार अक्षरांच्या कुळाची, इंग्रजी शाखा, फ्राक्टुर वेगळी. गूगल फॉन्ट्सवर युनिफ्राक्टुर मागुंटिया नावाचा फॉन्ट फुकट मिळतो, १९०१ च्या एका जर्मन टाइपवर बेतलेला, लांब एस आणि 'सीएच', 'सीके', 'टीझेड' या जोड्या त्यात नीट आहेत. तरी प्रत्येक शब्दातला एस हाताने तपासा. ठळक करायला तिरकी अक्षरं वापरू नका, फ्राक्टुरमध्ये ती नसतात, जोर द्यायचा शब्द अक्षरांत मोकळी जागा सोडून छापायचे. आणि शब्द अख्खे कॅपिटलमध्ये तर अजिबातच नको, फ्राक्टुरची मोठी अक्षरं एकापुढे एक ठेवली की वाचताच येत नाहीत.

मराठी कॅप्शनसाठी अगदी शांत फॉन्ट घ्या, मी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा 'मुक्ता' घेतला. पडद्यावर आधीच टोकदार अक्षरांची गर्दी आहे, त्यात आपली देवनागरी पण नटूनथटून आली तर डोळा कुठे ठेवायचा. ल आणि श मराठी वळणाचे दिसतायत ना ते बघा. ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाकली की कधीकधी जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते, तेव्हा सोपा उपाय म्हणजे इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर लिहायचा, तिथे तो नीट जुळतो, मग त्याचा पाथ, म्हणजे अक्षरांचा नुसता आकार, करून एसव्हीजी फाइल म्हणून आणायचा. पाथ केल्यावर शब्द बदलता येत नाही, म्हणून मूळ फाइलची कॉपी ठेवा, मी ठेवली नव्हती आणि एका अनुस्वारासाठी सगळी कॅप्शन परत केली.

आवाजाचं काम आधीच सुरू करा, शेवटावर ढकलू नका. आपल्याकडे अजूनही लहान गावांत, जुन्या पेठांत खिळे, म्हणजे धातूची एकेक सुटी अक्षरं, जुळवणारे छापखाने थोडेसे उरलेत. तिथे जाऊन परवानगी मागा आणि मोबाइल घेऊन अर्धा तास बसा. कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा, केसमधून (खिळ्यांच्या खणांच्या पेटीतून) एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये (हातातल्या पट्टीत) लावतो त्याचा टिक टिक आवाज, खिळे परत केसमध्ये पडतात तो आवाज, पायाने चालवायच्या ट्रेडल छपाईयंत्राचा लयीत येणारा ठोका. शिसं, कथील, अँटिमनीचा तो खिळा जर्मनीत असो की सोलापुरात, आवाज तोच. मी गेले तिथल्या काकांनी मला उलटी अक्षरं वाचायला शिकवली, आणि माझ्या फिल्ममधल्या हुकुमानंतरच्या शॉटचा सगळा आवाज त्यांच्या हातांचा आहे: केस रिकामी होतेय, खिळे पत्र्याच्या डब्यात ओतले जातायत. लष्करी बूट, सायरन, हिटलरचं ओरडणं यांतलं काही घातलं नाही, ते सगळ्यांच्या कानांना सरावलंय.

फोटो आणि पोस्टर वापरायचे असतील तर हक्क आधी बघा. जर्मन सरकारी अभिलेखागार बुंडेसआर्किव्हने २००८ मध्ये ऐंशी हजारांवर फोटो विकिमीडियावर खुल्या परवान्याने दिलेत, श्रेय देऊन वापरता येतात. ब्रिटिश सरकारची युद्धकाळातली पोस्टरं आता कॉपीराइटमुक्त आहेत. नाझी चिन्हाबद्दल, जर्मनीत ते दाखवण्यावर कायद्याने बंदी आहे, शिक्षण आणि कलेला सवलत आहे, पण माझा सल्ला, ते दाखवूच नका. एक तर या फिल्मला गरज नाही, अक्षरंच बोलतायत. दुसरं म्हणजे आपला प्रेक्षक रोज उंबऱ्यावर स्वस्तिक काढणारा आहे, चिन्ह आलं की त्याचं सगळं लक्ष तिकडे जातं, मग ते आपलं की त्यांचं, उजवं की डावं ही चर्चा सुरू होते, आणि टाइपफेस राहतो बाजूला.

वेळेचा हिशोब: नव्वद सेकंद, सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे २१६० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी १०८० चित्रं. एकट्याने संध्याकाळी काम करून हे होणं कठीण, म्हणून हाताने काढायचं ते फक्त गोल ओ आणि शिपाई, बाकी कटआउट (कापलेले तुकडे सरकवणं) आणि कॅमेऱ्याची हालचाल. आधी ॲनिमॅटिक करा, स्टोरीबोर्डची पेन्सिल चित्रं निवेदनाला लावून. मी सात वेळा बदलला, आणि एकदाही वेळ वाया गेला असं वाटलं नाही.

तुम्हाला जर्मन कागद नको असेल तर जवळचे अजून दोन सांगते. 'कीप काम अँड कॅरी ऑन' हे पोस्टर १९३९ मध्ये चोवीस लाख पन्नास हजार छापलं, जवळजवळ लावलंच नाही, बहुतेक रद्दीत गेलं, आणि २००० साली इंग्लंडमधल्या अल्निक गावाच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली. त्याची अक्षरं कुठला फॉन्ट नव्हे, हाताने काढलेली आहेत. दुसरा, ब्रिटिशांच्या गुप्त प्रचार खात्यात एलिक हाऊ नावाचा छपाईचा जाणकार होता, तो जर्मन कागदपत्रं बनावट छापायचा, आणि त्यासाठी अचूक जर्मन टाइप लागायचा, कारण एक अक्षर चुकलं तर पितळ उघडं. यावर मला स्वतःला पुढची फिल्म करायची आहे.

माझ्या फिल्मचा शेवट मी बराच शोधला. परिपत्रकाच्या वर्षीच, १९४१ मध्ये, शाळांतलं सुटरलीन नावाचं जर्मन हस्ताक्षरही बंद झालं आणि मुलं नवं वळण शिकली. त्यातल्या कित्येकांच्या मुलानातवंडांना घरच्या आजीची पत्रं वाचता येत नाहीत. हे वाचलं तेव्हा मला आमच्या माळ्यावरचा पत्र्याचा डबा आठवला, त्यात पणजोबांचे मोडीतले कागद आहेत, घरात कोणालाच वाचता येत नाहीत. मोडी जाण्याची कारणं वेगळी, छपाईची आणि शाळेच्या सोयीची, त्यामागे असला हुकूम नव्हता, म्हणून फिल्ममध्ये मी ही तुलना घातली नाही, तुम्हीही घालू नका. पण कागद हातात धरून न वाचता येणं म्हणजे काय ते मला तिथूनच कळलं, आणि शेवटचा शॉट त्यातूनच आला: एक लहान हात पत्र उलगडतो, बोट पहिल्या ओळीवर ठेवतो, अर्ध्या शब्दापर्यंत सरकतं आणि थांबतं. पत्र घडी होतं. हा शॉट बोरूने नाही, टाकाने काढा, सुटरलीनची रेघ सगळीकडे एकसारख्या जाडीची असते.